एका कागदासाठी अख्खी पेटी नको

जुलै २०२४ मध्ये जालना जिल्ह्यातल्या गावोगावी एकाच कामाची घाई होती. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे अर्ज भरायचे होते. 'नारीशक्ती दूत' हे अॅप उघडायचं आणि त्यात आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान, सही केलेलं हमीपत्र यांचे फोटो चढवायचे, शिवाय अर्जदार बाईचा स्वतःचा फोटो. कुणी अंगणवाडी सेविकेकडे गेलं, कुणी सेतू केंद्रावर, कुणाचा अर्ज पुतण्याने आपल्या फोनवरून भरला. पुढे अर्ज मंजूर झाले, हप्ते जमा होऊ लागले. फोटो मात्र ज्या फोनवर काढले त्याच फोनच्या गॅलरीत राहिले.

त्या फोटोंच्या शेजारी आणखी काय काय असतं ते भोकरदन, अंबड किंवा मंठा तालुक्यातल्या कुठल्याही घरी पाहावं. सातबारा आणि आठ-अ, मुलाचा जातीचा दाखला, मुलीची दहावीची गुणपत्रिका, सोसायटीच्या कर्जाची पावती, दवाखान्याचे रिपोर्ट, मोसंबीच्या बागेचे फोटो, एटीएमचा पिन लिहिलेल्या चिठ्ठीचासुद्धा फोटो. पूर्वी ही कागदपत्रं घरातल्या पत्र्याच्या पेटीत असायची. पेटीला कुलूप असायचं आणि किल्ली घरातल्या मोठ्या बाईकडे. तलाठ्याने सातबारा मागितला तर ती सातबाराच काढून देई; पेटी उचलून चावडीवर नेऊन ठेवत नसे. फोनच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करतो. एखादं अॅप एक फोटो मागतं आणि आपण त्याला सगळी पेटी उघडून देतो. हे प्रकरण त्या एका चुकीबद्दल आहे, आणि ती सुधारणं वाटतं त्यापेक्षा बरंच सोपं आहे.

जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या तालुक्यांतून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी तर हा प्रश्न जास्तच महत्त्वाचा. दिवाळीनंतर घराला कुलूप लागतं आणि पुढचे पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कोपीत काढायचे असतात. मूळ कागद गावी राहतात. सोबत असतो तो फोन. मुलाला तिकडच्या शाळेत बसवायचं असो की दवाखान्यात नाव नोंदवायचं असो, फोनमधला फोटोच कामी येतो. त्या फोटोकडे कोण कोण पाहू शकतं, हे त्या कुटुंबाला कुणीही सांगितलेलं नसतं.

आधी फोनची आतली रचना समजून घेऊ. अँड्रॉइड ही प्रणाली लिनक्सच्या पायावर उभी आहे. एकाच संगणकावर अनेक माणसं काम करत असली, तरी कुणी कुणाची फाइल उघडू नये अशी सोय लिनक्समध्ये पहिल्यापासून आहे: प्रत्येकाला वेगळा वापरकर्ता क्रमांक आणि प्रत्येकाची जागा वेगळी. अँड्रॉइड बनवणाऱ्यांनी हीच सोय अॅपसाठी वापरली. फोनमधल्या प्रत्येक अॅपला प्रणाली स्वतंत्र वापरकर्ता मानते आणि त्याला त्याची खासगी जागा देते. त्यामुळे बँकेच्या अॅपने आपल्या जागेत ठेवलेली माहिती एखादा गेम वाचू शकत नाही. इथपर्यंत बंदोबस्त पक्का आहे.

अडचण आहे ती सामायिक जागेत. कॅमेऱ्याने काढलेले फोटो, डाउनलोड केलेल्या पीडीएफ, व्हॉट्सअॅपवर आलेली चित्रं, स्क्रीनशॉट हे सगळं फोनच्या सामायिक साठ्यात जातं, कारण ते वेगवेगळ्या अॅपमधून उघडता यावं अशी आपलीच अपेक्षा असते. या साठ्याच्या दाराला एकच कडी होती: 'स्टोरेज' नावाची परवानगी. २०१५ मध्ये अँड्रॉइडची सहावी आवृत्ती येईपर्यंत ही परवानगी अॅप टाकतानाच घेतली जात असे. परवानग्यांची लांबलचक यादी दिसायची. ती मान्य केली तर अॅप मिळायचं, नाहीतर नाही. सहाव्या आवृत्तीपासून अॅप वापरताना, गरज पडेल तेव्हा विचारणा होऊ लागली आणि दिलेली परवानगी नंतर काढून घेण्याची सोयही आली. पण स्टोरेजचा प्रश्न सुटला नाही. एकदा 'हो' म्हटलं की फोटो, गाणी, पीडीएफ सगळंच उघडं.

पुढच्या काही वर्षांत ही कडी टप्प्याटप्प्याने घट्ट होत गेली. दहाव्या आवृत्तीत, २०१९ मध्ये, अॅपला सामायिक साठ्यातही ठरावीक मर्यादेत ठेवण्याची पद्धत आली आणि अकराव्या आवृत्तीने ती सक्तीची केली. तेराव्या आवृत्तीने २०२२ मध्ये स्टोरेज या एका परवानगीचे तीन तुकडे केले: चित्रं, व्हिडिओ आणि ध्वनी. त्यामुळे गाणी वाजवणाऱ्या अॅपला आता तुमचे फोटो दाखवण्याचं कारण उरलं नाही. २०२३ च्या चौदाव्या आवृत्तीत तर सगळे फोटो न देता निवडक फोटोच द्यायची सोय झाली. आयफोनमध्ये तशी सोय २०२० पासून आहे.

आवृत्त्यांचा हा इतिहास सांगण्याचं कारण व्यवहारातलं आहे. आपल्याकडे फोन सहज टाकून दिला जात नाही. मुलगा नवा घेतो, त्याचा जुना वडिलांकडे जातो, वडिलांचा आजीकडे. घरातला सगळ्यात जुना फोन, म्हणजे ज्याची कडी सगळ्यात ढिली, तो सगळ्यात कमी सराव असलेल्या माणसाच्या हातात असतो. म्हणून फोनच्या सेटिंगमधल्या 'फोनविषयी' या भागात जाऊन आवृत्तीचा आकडा एकदा बघून घ्यावा. तो अकराच्या खाली असेल तर त्या फोनवर स्टोरेजची परवानगी देताना हात आखडता ठेवलाच पाहिजे.

आता या प्रकरणातली सगळ्यात उपयोगी गोष्ट. अॅपला फाइल देण्याचे दोन रस्ते आहेत. एक परवानगीचा, दुसरा निवडीचा, आणि त्या दोन्हींत मोठा फरक आहे.

परवानगीच्या रस्त्यात अॅप विचारतं, 'फोटो पाहू का?' तुम्ही 'सगळ्यांना परवानगी' दिली की त्या घडीपासून ते अॅप स्वतः गॅलरीत जाऊ शकतं. तुम्ही एक फोटो चढवला तरी बाकीचे फोटो वाचण्याची मुभा त्याच्याकडे राहते. आज, उद्या, तुम्ही ते पुन्हा उघडाल तेव्हाही. निवडीच्या रस्त्यात अॅप गॅलरीत जातच नाही. ते प्रणालीला सांगतं की मला एक फाइल हवी आहे. मग प्रणाली आपली स्वतःची खिडकी उघडते. त्या खिडकीत तुम्हाला सगळ्या फाइल दिसतात, पण अॅपला त्यातलं काही दिसत नाही. तुम्ही ज्या फाइलवर बोट ठेवता तेवढीच अॅपच्या हाती पडते. यासाठी कुठलीही परवानगी लागत नाही. फाइल निवडण्याची ही खिडकी अँड्रॉइडमध्ये २०१३ पासून आहे आणि फोटोंसाठीची वेगळी खिडकी २०२२ पासून.

म्हणजेच अर्ज भरण्यासाठी, नोकरीचा फॉर्म चढवण्यासाठी, दुकानदाराला बिल पाठवण्यासाठी सगळ्या फोटोंची परवानगी लागत नाही. अॅप नीट बनवलेलं असेल तर 'परवानगी देऊ नका' म्हटल्यावरही काम होतं. म्हणून पहिला जबाब नेहमी 'नाही' असावा. 'नाही' म्हणा आणि फाइल चढवून बघा. बहुतेक वेळा निवडीची खिडकी उघडेल आणि काम होईल. ते अडलंच, तर चौदाव्या किंवा पुढच्या आवृत्तीवर 'फोटो निवडा' हा मधला पर्याय घ्या. तोही नसेल, तर परवानगी द्या, काम उरका आणि लगेच काढून घ्या. 'नाही' म्हटल्याने अॅप रुसून बसेल किंवा अर्ज बाद होईल ही भीती अनेकांच्या मनात असते. अॅप अडलंच तर वरचे मार्ग आहेत; अर्ज त्यामुळे बाद होत नाही.

पीडीएफबद्दल एक खुलासा. नव्या फोनवर फोटोंची परवानगी दिली तरी त्यात डाउनलोड केलेल्या पीडीएफ येत नाहीत. त्या सगळ्या वाचण्यासाठी 'सर्व फाइलचा अॅक्सेस' नावाची वेगळी, फार मोठी परवानगी आहे. ती नेहमीच्या छोट्या चौकटीत विचारलीच जात नाही; अॅप तुम्हाला सेटिंगच्या पानावर नेतं आणि तिथलं बटण तुमच्या हाताने चालू करायला लावतं. फाइल मॅनेजर, अँटिव्हायरस किंवा बॅकअप घेणारं अॅप यांना तिची गरज असू शकते. टॉर्च, पंचांग, कीबोर्ड किंवा कर्ज देणाऱ्या अॅपने ती मागितली तर ते अॅप काढून टाकावं. चर्चेची गरज नाही.

ही सगळी काळजी कागदावरची नाही. ज्या अॅपवर आपण डोळे झाकून विश्वास टाकला त्यांचीच उदाहरणं आहेत. दहा-बारा वर्षांपूर्वी गाणी आणि सिनेमे एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये टाकायचे म्हणजे शेअरइट नाहीतर झेंडर. फाइल शोधायच्या तर ईएस फाइल एक्सप्लोरर. कागद स्कॅन करायचा तर कॅमस्कॅनर. जानेवारी २०१९ मध्ये एका फ्रेंच सुरक्षा संशोधकाने दाखवून दिलं की ईएस फाइल एक्सप्लोरर एकदा उघडलं की फोनमध्ये एक गुपचूप दार उघडं राहतं आणि त्याच वायफायवर असलेला दुसरा कुणीही त्या फोनमधल्या फाइल ओढून घेऊ शकतो. कंपनीने नंतर दुरुस्ती केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅस्परस्की या कंपनीच्या संशोधकांना दहा कोटींहून अधिक वेळा डाउनलोड झालेल्या कॅमस्कॅनरमध्ये, जाहिराती दाखवणाऱ्या भागात, घातक कोड सापडला आणि गूगलने ते अॅप काही काळ काढून टाकलं. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी अॅपवर बंदी घातली तेव्हा टिकटॉकचीच बातमी झाली. पण त्या यादीत शेअरइट, झेंडर, ईएस फाइल एक्सप्लोरर आणि कॅमस्कॅनर ही चारही नावं होती. लोकांच्या फाइल हाताळणं हेच या चौघांचं काम होतं.

बंदीनंतर त्यांची जागा रिकामी राहिली नाही. पोलीस भरती, तलाठी भरती, शिष्यवृत्ती अशा प्रत्येक अर्जात फोटो आणि सही ठरावीक केबींच्या आत बसवावी लागते. मग बदनापूरचा किंवा परतूरचा मुलगा 'फोटो रिसाइझ', 'इमेज टू पीडीएफ', 'पीडीएफ कॉम्प्रेस' असं काहीतरी शोधतो आणि समोर येईल ते पहिलं अॅप टाकतो. माझ्या मते एका सर्वसाधारण तरुणाच्या फोनमधली सगळ्यात धोक्याची अॅप्स हीच, कारण ज्या फोटोंत आधार क्रमांक, जन्मतारीख आणि सही असते नेमके तेच फोटो त्यांच्यापुढे येतात. कागद स्कॅन करण्याची सोय गूगल ड्राइव्हमध्ये आणि आयफोनच्या नोट्समध्ये आहे. फोटो लहान करण्याची सोय पुष्कळ फोनच्या गॅलरीतच असते. वेगळ्या अॅपशिवाय चालतच नसेल तर काम होताच ते काढून टाकणं उत्तम.

गॅलरीतला फोटो चोराला काय कामाचा, असंही कुणी विचारतं. आता फोटोतला मजकूर यंत्र वाचतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्कीने 'स्पार्ककॅट' नावाच्या घातक कोडची माहिती दिली. तो गूगल प्ले आणि अॅपल अॅप स्टोअर या दोन्ही अधिकृत दुकानांतल्या अॅपमध्ये शिरला होता आणि गूगल प्लेवरून त्या अॅपची दोन लाखांहून अधिक डाउनलोड झाली होती. मदतीसाठी चॅट उघडलं की अॅप गॅलरीची परवानगी मागायचं, आणि ती मिळाली की एकेक चित्र वाचून आभासी चलनाच्या खात्यांचे सांकेतिक शब्द शोधायचं. शोध कसला घ्यायचा एवढंच बदलायचं बाकी आहे. आधारचा बारा अंकी क्रमांक शोधणं यंत्राला मुळीच जड नाही. अधिकृत दुकानातून घेतलं म्हणजे डोळे झाकून गॅलरी द्यावी, हा समज या घटनेने मोडला.

सगळ्यात मोठं दुःख मात्र कर्ज देणाऱ्या अॅपनी दिलं. कोविडच्या काळात हाताला काम नव्हतं, सावकाराकडे पत नव्हती, आणि फोनवर काही मिनिटांत दोन-चार हजार रुपये देणारी अॅप्स होती. अट एकच: संपर्क यादी आणि फोटो यांची परवानगी. हप्ता थोडा चुकला की वसुलीवाले कर्जदाराच्या गॅलरीतले फोटो घ्यायचे, त्यांत अश्लील फेरफार करायचे आणि संपर्क यादीतल्या नातेवाइकांना, सहकाऱ्यांना पाठवायचे. २०२२ मध्ये मुंबईतल्या मालाडच्या एका तरुणाने अशाच छळाला कंटाळून जीव दिला. देशभर असे प्रकार घडले. इथे परवानगी हेच तारण होतं. जमीन, दागिना गहाण ठेवताना माणूस दहा वेळा विचार करतो. अब्रू गहाण पडते आहे हे त्या छोट्या चौकटीत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

याची दखल रिझर्व्ह बँकेने घेतली. २ सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत तिने स्पष्ट म्हटलं की डिजिटल कर्ज देणाऱ्या अॅपनी ग्राहकाच्या फोनमधल्या फाइल आणि मीडिया, संपर्क यादी, कॉलची नोंद यांना हात लावू नये. ओळख पटवण्यापुरती कॅमेरा, मायक्रोफोन किंवा लोकेशनची परवानगी एकदाच घेता येईल, तीही ग्राहकाची उघड संमती घेऊन. गूगलनेही ३१ मे २०२३ पासून वैयक्तिक कर्जाच्या अॅपना फोटो आणि संपर्क मागायला मनाई केली. १ जुलै २०२५ पासून मान्यताप्राप्त संस्थांच्या कर्ज अॅपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर पाहायला मिळते. त्यामुळे ओळखायची खूण सोपी झाली आहे. कर्जाच्या अॅपने गॅलरी मागितली म्हणजे ते नियम मोडतंय. तिथेच थांबावं, मग रक्कम कितीही आकर्षक असो.

दुसरा धोका व्हॉट्सअॅपवरून चालत येतो. लग्नसराईत 'लग्नपत्रिका' नावाची फाइल येते, एरवी 'आरटीओ चलान' किंवा 'पीएम किसान' नावाची. नावाच्या शेवटी 'एपीके' ही अक्षरं असतात. पत्रिका म्हणजे चित्र किंवा पीडीएफ. एपीके म्हणजे अॅप. ती फाइल उघडून अॅप टाकलं की ते एसएमएस वाचण्याची परवानगी मागतं, म्हणजे बँकेचा ओटीपी थेट चोराच्या हाती. कधी ते 'अॅक्सेसिबिलिटी' सेवा चालू करायला सांगतं. ही सेवा दृष्टी अधू असलेल्यांना फोन वापरता यावा म्हणून आहे आणि तिच्या जोरावर अॅप पडद्यावरचं सगळं वाचू शकतं, तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. फाइलच्या परवानग्या कितीही नीट लावल्या असल्या तरी या एका होकाराने त्यांना अर्थ उरत नाही. ही फाइल बहुधा ओळखीच्याच माणसाच्या नंबरवरून येते, कारण त्याचा फोन आधीच ताब्यात गेलेला असतो. म्हणून मामांकडून आली, सरपंचांकडून आली, हे कारण पुरेसं नाही. पीएम किसान, ई-पीक पाहणी यांची अॅप्स गूगल प्लेवरूनच घ्यावीत.

ई-पीक पाहणीचा उल्लेख आला म्हणून सांगतो, सगळ्याच परवानग्या वाईट नसतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या या उपक्रमात शेतकरी शेतात उभा राहून पिकाचा फोटो काढतो आणि आपला पेरा आपणच नोंदवतो. त्यासाठी कॅमेरा आणि लोकेशन लागणारच. फोटो त्याच गटातला आहे हे लोकेशनशिवाय कसं कळणार? 'अॅप वापरत असताना' एवढ्यापुरती ती परवानगी द्यावी. काम काय आणि मागणी काय, यांचा मेळ बसतो का, हेच बघायचं. इथे तो बसतो.

पण लोकेशनची एक लपलेली बाजू आहे. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन चालू असेल तर प्रत्येक फोटोच्या आत अक्षांश-रेखांश लिहिले जातात. फोटोत दिसत नाहीत, पण फाइलमध्ये असतात. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला तर ही नोंद निघून जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर तशीच राहते. विक्रीला काढलेल्या बैलजोडीचा किंवा ट्रॅक्टरचा फोटो अंगणातून अनोळखी माणसाला पाठवताना हे ध्यानात असावं. शेताच्या नोंदीसाठी लोकेशन हवं, घरच्या फोटोंसाठी नको, म्हणून कॅमेऱ्यातलं हे बटण एरवी बंद ठेवलेलं बरं.

आपल्या फोनचा बंदोबस्त केला तरी एक वाट उरते आणि ती अॅपमधून जात नाही. सेतूवर गेलं की केंद्रचालक म्हणतो, 'ताई, आधार अन् पासबुक माझ्या व्हॉट्सअॅपला टाका.' ताई टाकतात. आता त्या कागदांची एक प्रत केंद्रचालकाच्या फोनमध्ये, एक त्याच्या संगणकाच्या डाउनलोडमध्ये. दिवसाला पन्नास माणसं आली तर पन्नास घरांच्या पेट्या एका फोनमध्ये, आणि त्या फोनवर कुठली अॅप्स आहेत हे त्यालाही धड ठाऊक नसतं. यात केंद्रचालकाचा हेतू वाईट असतो असं नाही. बहुतेक जण गावाच्या फार उपयोगी पडतात. पण काम झाल्यावर 'दादा, फोटो डिलीट करा' एवढं म्हणायला संकोच करू नये. आपणही ते 'सर्वांसाठी हटवा' करून पुसू शकतो, मात्र व्हॉट्सअॅप त्यासाठी दोन-अडीच दिवसांचीच मुदत देतं. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंटसाठी व्हॉट्सअॅप वेब उघडलं असेल तर निघताना 'लिंक्ड डिव्हाइसेस' मधून ते बंद करावं. तसं न करता निघालो तर आपला संपूर्ण पत्रव्यवहार, फाइलसकट, दुकानातल्या संगणकावर उघडा राहतो.

आता प्रत्यक्ष काम. 'सुरक्षा आणि गोपनीयता' किंवा नुसतं 'गोपनीयता' या भागात 'परवानगी व्यवस्थापक' असतो; कंपनीनुसार नाव आणि जागा थोडी बदलते. तो उघडून 'फोटो आणि व्हिडिओ' किंवा 'फाइल आणि मीडिया' यावर गेलं की कुठल्या अॅपला काय दिलंय त्याची यादी येते. ती पहिल्यांदा पाहिली की बहुतेकांना धक्का बसतो. ज्या अॅपचा फोटोशी संबंध नाही त्याची परवानगी काढून टाका. चुकून एखाद्याची जास्त काढली गेली तरी बिघडत नाही, गरज पडल्यावर ते पुन्हा विचारेल. मग 'विशेष अॅप अॅक्सेस' मध्ये जाऊन 'सर्व फाइलचा अॅक्सेस' ची यादी बघा. तिथे फाइल मॅनेजरखेरीज दुसरं नाव असेल तर ते का आहे, याचं उत्तर तुमच्याकडे असायला हवं. काही महिने न उघडलेल्या अॅपच्या परवानग्या प्रणाली आपोआप काढून घेते, पण रोज उघडल्या जाणाऱ्या गेमला ही गोष्ट लागू नाही. आणि मुलांचे गेम आईच्याच फोनवर असतात.

कागदांसाठी वेगळी जागा करता येते. गूगल फोटोजमध्ये 'लॉक केलेलं फोल्डर' आहे, गूगलच्या फाइल्स अॅपमध्ये 'सुरक्षित फोल्डर' आहे, सॅमसंगच्या पुष्कळ फोनमध्ये 'सिक्युअर फोल्डर' आहे. तिथे ठेवलेले फोटो, गॅलरीची परवानगी असलेल्या दुसऱ्या अॅपना दिसत नाहीत. फोन हरवला किंवा अॅप पुसलं गेलं तर ते फोटोही जाऊ शकतात, म्हणून ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाने तेवढ्यावरच विसंबून राहू नये. आधार, गुणपत्रिका, वाहन परवाना यांसाठी २०१५ पासून सुरू असलेलं सरकारचं डिजिलॉकर चांगलं: तिथे कागद गॅलरीत न येता राहतो आणि फोन बदलला तरी मिळतो. आधारची प्रत द्यायची वेळ आली आणि समोरच्याचं पूर्ण क्रमांकावाचून भागत असेल, तर शेवटचे चारच अंक दाखवणारं 'मास्क्ड आधार' द्यावं. ते आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून काढता येतं. परवानगी काढून घेतली म्हणजे आधी गेलेल्या प्रती परत येतात असं नाही. म्हणून हे काम आज करण्याला महत्त्व आहे.

कायदाही आता आपल्या बाजूला उभा आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्वाळा दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य तरतुदी अठरा महिन्यांच्या टप्प्याने लागू व्हायच्या आहेत. या कायद्यात संमतीचा अर्थ समजावताना एक उदाहरण दिलं आहे. फोनवरून वैद्यकीय सल्ला देणाऱ्या अॅपने उपचारासाठीची माहिती आणि संपर्क यादी अशा दोन्हींसाठी संमती घेतली आणि रुग्णाने दोन्हींना होकार दिला, तरी संपर्क यादी उपचारासाठी आवश्यक नसल्याने संमती उपचाराच्या माहितीपुरतीच धरली जाईल. 'तुम्हीच तर अलाउ केलं' हे कंपनीचं ठरलेलं उत्तर इथे निकामी होतं. गंभीर कसुरीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

याच कायद्याने आणखी एक हक्क दिला आहे, आणि मराठी माणसाने तो वापरावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचण्याचा पर्याय कंपनीला द्यावा लागेल. मराठी त्या अनुसूचीत आहे. ज्या कागदावर सही करायची तो आपल्या भाषेत वाचायला मागणं हा शहाणपणा आपल्या आज्या-पणज्यांकडे होता. वाचता येत नसलं तरी त्या कुणाकडून तरी वाचून घेतल्याशिवाय अंगठा देत नसत.

फसवणूक झालीच, तर पैसे गेल्याच्या पहिल्या तासाभरात १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर आणि जवळच्या पोलीस ठाण्यातही देता येते. फोटोंवरून धमकावलं जात असेल तर पैसे देऊ नयेत, संदेश पुसू नयेत, त्यांचे स्क्रीनशॉट जपावेत. असं संकट आलेल्या मुलीला घरच्यांनी आधी धीर द्यावा, फोन हिसकावून घेऊ नये. ती चोराची शिकार आहे, गुन्हेगार नाही.

ग्रामपंचायती, शाळा आणि बचत गट यांना एक विनंती. पुढच्या बैठकीत अर्धा तास काढा, गावातल्या एखाद्या जाणत्या मुलीला पुढे बसवा आणि प्रत्येकाच्या फोनमधली परवानग्यांची यादी उघडून तिच्याकडून तपासून घ्या. घरी आई-वडिलांच्या, आजी-आजोबांच्या फोनपासून सुरुवात करा. त्या फोनमध्ये सगळ्या घराचे कागद आहेत.